पैसे शंभरचे, वेग चाळीसचा : घरच्या इंटरनेटची तपासणी आणि तक्रार

घरगुती इंटरनेटबाबत ग्राहकांकडून वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा असतो, की दरमहा १०० किंवा २०० एमबीपीएसच्या योजनेचे पैसे भरूनही मोबाइलवर वेग तपासला असता ३०-४० चाच आकडा का दिसतो, आणि पुरवठादाराला कळवल्यावर ‘आमच्या बाजूने सर्व ठीक आहे’ असेच उत्तर का मिळते. या एका प्रश्नात दोन निरनिराळ्या स्थिती मिसळलेल्या असतात. एका स्थितीत घरापर्यंतच पुरेसा वेग येत नाही. दुसरीत तो घरापर्यंत येतो, परंतु राउटरपासून हातातील यंत्रापर्यंतच्या काही फुटांत कमी होतो. पहिल्या स्थितीत ग्राहकाला तक्रार करता येते, भरपाई मागता येते, जोडणीही बदलता येते. दुसऱ्या स्थितीत तक्रारीचा काही उपयोग होत नाही, आणि अधिक वेगाची योजना घेतल्यास तोच अपुरा वेग अधिक किमतीला मिळतो. म्हणून तक्रार नोंदवण्यापूर्वी, आणि पुरवठादाराच्या सूचनेवरून मोठी योजना घेण्यापूर्वी तर अवश्यच, वेग कोणत्या टप्प्यावर कमी होतो हे आपण ठरवून घ्यावे. त्यासाठी विशेष तांत्रिक ज्ञान लागत नाही. एक लॅपटॉप, एक चांगली लॅन केबल आणि दोन-तीन दिवसांचा धीर एवढ्यावर हे काम होते.

योजनेत नेमके काय लिहिले आहे?

जाहिरातीतील आकडा एमबीपीएस या एककात, म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट माहिती वाहते या हिशेबाने दिलेला असतो, तर संगणकावर एखादी फाइल उतरवून घेताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला सुमारे साडेबारा मेगाबाइट या गतीने उतरत असेल, तर ती जोडणी पूर्ण वेगाने चालत आहे असेच समजावे. त्याचप्रमाणे माहिती लहान लहान पॅकेटांतून जाते आणि प्रत्येक पॅकेटावर पत्ता व इतर तपशील असतो. या तपशिलात पाच-सहा टक्के क्षमता खर्च होते. त्यामुळे १०० ची क्षमता असलेल्या तारेवर तपासणीत ९४-९५ चा आकडा दिसणे स्वाभाविक आहे आणि त्यावरून तक्रार करण्यात अर्थ नाही.

यानंतर योजनेचे पत्रक किंवा अ‍ॅपमधील तपशील उघडून पुढील बाबी पाहाव्यात.

- वेगाच्या आकड्यामागे ‘पर्यंत’ हा शब्द आहे का. असल्यास तो आकडा कमाल मर्यादा सांगतो. किमान किती वेग मिळेल हे पुरवठादाराला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.
- अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर माहिती पाठवण्याचा वेग वेगळा दिला आहे का. व्हिडिओ बैठका, ऑनलाइन शिकवणी आणि सीसीटीव्ही यांना हाच वेग लागतो आणि अनेक योजनांत तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो.
- ‘अमर्याद’ म्हणवणाऱ्या योजनेला वापराची मर्यादा आहे का. अनेक फायबर योजनांत ती महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास असते आणि ती ओलांडल्यावर वेग एकदम उतरतो. ही मर्यादा आणि त्यानंतरचा वेग ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगणे पुरवठादारावर बंधनकारक आहे.

या संदर्भात ‘ब्रॉडबँड’ या नावावर विसंबू नये. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हटले गेले होते. २०१३ मध्ये ही किमान पातळी ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आली. सरकारी व्याख्येपुरते पाहिल्यास २ एमबीपीएसची जोडणीही आज ब्रॉडबँड ठरते. आपला हक्क या नावावरून ठरत नाही, तर योजनेत लिहिलेल्या आकड्यावरून ठरतो, आणि म्हणूनच ते पत्रक किंवा त्याचे छायाचित्र जोडणी घेतानाच जतन केलेले असावे. पुढे योजनांचे तपशील संकेतस्थळावरून बदलले जातात आणि जुना मजकूर मिळत नाही.

मोजणी तारेनेच करावी

मोबाइलवर वाय-फायने केलेली तपासणी घरातील सोय पाहण्यापुरती ठीक आहे, परंतु पुरवठादाराविरुद्ध पुरावा म्हणून तिला वजन नाही, कारण तीत वाय-फायचे दोषही मोजले जातात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००६ मध्ये केलेल्या सेवागुणवत्तेच्या नियमांत करारातील वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा अशी कसोटी होती, आणि तीदेखील पुरवठादाराच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या टप्प्यापुरती होती. हे नियम आता २०२४ च्या एकत्रित नियमावलीत सामावले गेले असून ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली आहे. पुरवठादाराची जबाबदारी कोठपर्यंत, हा मुद्दा मात्र प्रत्येक वादात पुढे येतोच, आणि त्याला उत्तर देण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे राउटरला थेट तार जोडून केलेली मोजणी.

१. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. फायबरची जोडणी असल्यास ओएनटीला, म्हणजे काचतंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या डब्याला जोडावा. नव्या लॅपटॉपला लॅनचे छिद्र नसल्यास यूएसबीचा जोड मिळतो. मात्र तो गिगाबिट क्षमतेचा असावा, अन्यथा तो स्वतःच १०० वर अडतो.

२. लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे. हे राहून गेले तर तार लावूनही मोजणी वाय-फायचीच होण्याची शक्यता असते.

३. घरातील इतर सर्व यंत्रे बंद करावीत किंवा राउटरचे वाय-फाय तेवढ्यापुरते थांबवावे. टीव्ही आणि मोबाइल सर्वांच्या लक्षात येतात. सीसीटीव्ही कॅमेरे, फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आणि संगणकाचे अपडेट बहुधा राहून जातात.

४. कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे सर्व वाहतूक कार्यालयाच्या सर्व्हरमार्गे नेणारी सुरक्षित वाट, बंद ठेवावे.

५. किमान दोन निरनिराळ्या सेवांवर वेग तपासावा. ऊक्लाची स्पीडटेस्ट जवळचा सर्व्हर निवडते आणि तो अनेकदा पुरवठादाराच्याच जाळ्यातील असतो, त्यामुळे तेथे आकडा चांगला येतो. फास्ट डॉट कॉम ही सेवा नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. दोहोंत मोठी तफावत आढळल्यास घरापर्यंतची तार ठीक असून पुरवठादाराची बाहेरच्या जाळ्यांशी असलेली जोडणी अपुरी आहे, असा निष्कर्ष निघू शकतो. ट्रायचे ‘मायस्पीड’ हे मोबाइल अ‍ॅपही आहे, परंतु घरच्या जोडणीसाठी ते वाय-फायवरूनच मोजते.

६. पहाटे, दुपारी आणि रात्री ८ ते ११ या वेळेत, असे सलग तीन दिवस मोजावे. प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि सर्व्हरचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा.

या मोजणीतून निघणारा नमुना बरेच काही सांगतो. वेग दिवसभर चांगला आणि रात्रीच कमी असेल, तर परिसरातील सामायिक क्षमता अपुरी पडत आहे. सर्व वेळी सारखाच कमी असेल, तर तार, उपकरण किंवा योजनेची नोंद यांत दोष आहे. योजना वाढवूनही पुरवठादाराच्या प्रणालीत जुनाच वेग नोंदलेला राहणे ही अशी एक शक्यता आहे आणि ती एका फोनने दुरुस्त होते. तारेवर वेग पूर्ण आणि खोलीत कमी असेल, तर दोष वाय-फायचा आहे आणि पुढचा खर्च पुरवठादारावर टाकता येणार नाही.

वेग ९४ वर अडकला असेल तर

२०० किंवा ३०० ची योजना असूनही तारेवरील मोजणी कोणत्याही वेळी ९०-९५ च्या पुढे जात नसेल, तर या एका लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हा दोष सहज सापडतो, फुकटात किंवा अल्प खर्चात दूर होतो, आणि तरीही ग्राहक वर्षानुवर्षे त्याचे पैसे भरत राहतात. लॅन केबलच्या आत आठ बारीक तारा असतात आणि त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी, प्रत्येकीसोबत त्याच रंगाच्या रेघेची पांढरी तार. १०० एमबीपीएसपर्यंतच्या वाहतुकीला यांतील दोनच जोड्या पुरतात. त्यापुढील गिगाबिट जोडणीला चारही लागतात. इमारतीच्या गच्चीवरील किंवा जिन्यातील डब्यातून घरापर्यंत लॅन केबल ओढणारे स्थानिक ऑपरेटर काही वेळा नारिंगी आणि हिरवी जोडी तेवढी बसवतात, किंवा एकाच केबलमधून दोन घरांना जोडणी देतात. केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लास्टिकचा कनेक्टर उजेडात धरून पाहिल्यास आतील तारा मोजता येतात. आठांऐवजी चारच पितळी पट्ट्यांखाली तार दिसली, तर कारण सापडले असे समजावे.

याच तपासणीचा दुसरा मार्ग म्हणजे विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमधील ‘लिंक स्पीड’ ही नोंद पाहणे. तेथे १००० ऐवजी १०० लिहिलेले असल्यास केबल, राउटरचे छिद्र किंवा यूएसबी जोड यांपैकी काहीतरी १०० चेच आहे. अनेक स्वस्त राउटरची सर्व छिद्रे १०० क्षमतेची असतात, आणि पुरवठादारांनी दिलेल्या काही ओएनटींना एकच छिद्र गिगाबिटचे व बाकीची १०० ची असतात, म्हणून केबल दुसऱ्या छिद्रात घालून पुन्हा मोजावे. पुरवठादाराने २०० ची योजना विकून १०० च्या क्षमतेचे उपकरण बसवले असेल, तर ती सेवेतील त्रुटीच आहे, आणि उपकरण विनामूल्य बदलून देण्याची मागणी ग्राहकाने निःसंकोच करावी.

वाय-फायचा हिशेब

घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन लहरपट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांबवर पोहोचते आणि भिंतींतून बऱ्यापैकी पार होते, परंतु शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही गर्दी याच पट्टीत असते. दाट वस्तीच्या इमारतीत तिच्यावर ३०-५० एमबीपीएसपेक्षा अधिक वेग मिळेलच असे धरू नये. ५ गिगाहर्ट्झची पट्टी कितीतरी वेगवान असली तरी एक-दोन भिंतींनंतर क्षीण होते. जुन्या किंवा स्वस्त राउटरमध्ये पहिलीच पट्टी असते, आणि अशा राउटरवर २०० ची योजना घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

घराच्या बांधणीचाही यात मोठा वाटा असतो. काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब, कोकणातील व गोव्यातील जाड जांभ्या दगडाच्या भिंती, जुन्या वाड्यांचे दगडी बांधकाम ही सर्व लहरींना अडवतात. धातू तर त्या जवळजवळ पूर्ण परतवतो. त्यामुळे लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला राउटर उत्तम प्रतीचा असला तरी निरुपयोगी ठरतो. नवे उपकरण विकत घेण्यापूर्वी पुढील उपाय त्याच क्रमाने करून पाहावेत.

- राउटर घराच्या मध्यभागी, उघड्या जागी, डोक्याच्या उंचीवर ठेवावा. ओएनटी दाराजवळ असल्यास तेथून मध्यभागापर्यंत लॅन केबल ओढावी. काही शे रुपयांची ही केबल अनेकदा महागड्या राउटरपेक्षा अधिक उपयोगी पडते.
- दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन टीव्ही, लॅपटॉप आणि नवे मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर जोडावेत.
- २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यांतील सर्वांत मोकळा निवडावा. मोबाइलवरील विनामूल्य वाय-फाय विश्लेषक अ‍ॅपमध्ये शेजारचे राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत हे दिसते.
- टीव्ही आणि टेबलावरचा संगणक ही न हलणारी यंत्रे तारेनेच जोडावीत.

सर्व करूनही दूरच्या खोलीत वेग पोहोचत नसेल, तर भिंतीवरच्या प्लगमध्ये लावायचा स्वस्त रिपीटर घेण्याचा मोह टाळावा, कारण एकाच पट्टीवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. त्याऐवजी केबलने जोडलेला दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावावा. केबल ओढणे शक्यच नसेल, तर मेश संच, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या दोन-तीन राउटरांचा संच, हा पर्याय उरतो. तो महाग असतो आणि काँक्रीटच्या घरात त्याचे फळ जाहिरातीत दाखवतात तेवढे मिळत नाही.

घराबाहेर काय बिघडते?

तारेवरही वेग कमी मिळत असल्यास कारण पुरवठादाराच्या बाजूला आहे. ते दूर करणे हे ग्राहकाचे काम नव्हे, परंतु कारण ओळखता आल्यास तक्रार नेमकी होते आणि तंत्रज्ञाला टाळाटाळ करता येत नाही.

घरगुती फायबरमध्ये बहुधा जीपॉन ही पद्धत वापरली जाते. तीत पुरवठादाराकडून निघालेला एकच काचतंतू वाटेत स्प्लिटरने विभागून साधारण ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो आणि सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता या सर्व घरांत वाटली जाते. सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या गृहीतकावर ही रचना चालते आणि एरवी ती योग्यही आहे. मात्र परिसरातील केंद्रापासून पुढे जाणारी मुख्य वाहिनी ग्राहकसंख्येच्या प्रमाणात वाढवली नाही, तर रात्रीच्या वेळी सर्वांचाच वेग घसरतो. अशा वेळी शेजाऱ्यांच्या मोजण्याही सोबत जोडाव्यात, कारण एका घराची तक्रार ‘तुमच्या राउटरचा दोष’ म्हणून झटकता येते, तशी एका इमारतीतील आठ-दहा घरांची झटकता येत नाही.

फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता ओएनटीच्या सेटिंग्जच्या पानावर डीबीएम या एककात दिसते. हा आकडा ऋण असतो आणि शून्यापासून जितका दूर तितका प्रकाश मंद. दर तीन अंकांच्या घसरणीला प्रकाश निम्मा होतो. साधारण उणे १५ ते उणे २५ ही समाधानकारक पातळी समजली जाते, आणि उणे २७ च्या खाली गेल्यास जोडणी अस्थिर होऊन वारंवार तुटते. काचतंतू कोपऱ्यात घट्ट वाकवलेला असणे, कपाटाखाली दबणे, झाडांवरून किंवा गच्चीवरून नेलेल्या केबलच्या जोडडब्यात पावसाचे पाणी शिरणे ही याची नेहमीची कारणे आहेत. ओएनटीवर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर प्रकाश येतच नाही असा त्याचा अर्थ होतो आणि ग्राहकाने स्वतः काही करण्यासारखे उरत नाही. काचतंतूचे टोक पुसण्याचा किंवा डोळ्यांसमोर धरून पाहण्याचा प्रयत्न करू नये.

मोबाइल टॉवरवरून घरी इंटरनेट देणाऱ्या ५जी जोडण्यांत वेग टॉवरवरील त्या वेळच्या भारावर आणि खिडकीबाहेरच्या उपकरणाच्या दिशेवर ठरतो, तर तांब्याच्या जुन्या टेलिफोन तारेवर केंद्रापासूनच्या अंतरानुसार वेग मुळातच कमी होत जातो. या दोन्ही जोडण्यांकडून फायबरची अपेक्षा धरू नये. परदेशी संकेतस्थळेच मंद चालत असतील, तर कारण समुद्राखालील केबलमध्येही असू शकते: सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्यावर भारतातील वाहतुकीवरही परिणाम झाला होता. मात्र अशी घटना क्वचित घडते, आणि महिनोन्‌महिने तेच कारण सांगितले जात असेल तर ते मान्य करू नये.

तंत्रज्ञ घरी आल्यावर

तक्रारीनंतर येणारा तंत्रज्ञ अनेकदा राउटरच्या शेजारी उभा राहून स्वतःच्या मोबाइलवर वेग दाखवतो आणि तक्रार बंद करतो. त्याच्याशी वाद न घालता त्याला लॅपटॉपवर तारेने मोजण्याची विनंती करावी आणि ती मोजणी, प्रकाशाची पातळी व बदललेले सुटे भाग यांची नोंद करून घ्यावी. काही पुरवठादारांकडे तक्रार बंद करण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. वेग प्रत्यक्ष सुधारल्याची खात्री होईपर्यंत हा ओटीपी देऊ नये. तो दिला की कागदोपत्री ग्राहक समाधानी ठरतो. रात्रीच्या गर्दीचा दोष दुपारच्या भेटीत दिसत नाही, म्हणून भेटीची वेळ संध्याकाळची मागणे योग्य ठरते.

तक्रारीची पायरी चुकवू नये

ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. पुरवठादारांना लागू होणारे नियम करणे आणि त्यांच्या पालनावर देखरेख ठेवणे हे तिचे काम आहे. ट्रायने २०१२ मध्ये केलेल्या तक्रार निवारण नियमांनुसार ग्राहकाला पुरवठादाराकडेच दोन पायऱ्या उपलब्ध आहेत आणि पुढील सर्व मार्गांवर प्रथम हेच विचारले जाते, की या पायऱ्या चढून झाल्या का.

१. तक्रार केंद्र. निःशुल्क क्रमांकावर, अ‍ॅपवर किंवा ईमेलने तक्रार करून डॉकेट क्रमांक घ्यावा. हा क्रमांक देणे पुरवठादाराचे कर्तव्य आहे. स्थानिक ऑपरेटरच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप ही तक्रार ठरत नाही, आणि बहुतेक ग्राहकांची बाजू येथेच लंगडी पडते.

२. अपील प्राधिकारी. निवारण झाले नाही किंवा समाधानकारक झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत पुरवठादाराच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. यासाठी शुल्क नाही आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत अपेक्षित आहे. अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता पुरवठादाराच्या संकेतस्थळावर असतो. फार लहान पुरवठादारांच्या बाबतीत ही व्यवस्था नसेल, तर लेखी तक्रारीनंतर थेट पुढील मार्ग धरावा.

तक्रारीचा मजकूर त्रागा व्यक्त करणारा नसावा. त्यात आकडे आणि मागणी असावी. उदाहरणार्थ:

‘माझ्या जोडणीवर २०० एमबीपीएसची योजना असून सोबत जोडलेल्या नऊ मोजण्यांत, ज्या लॅपटॉप तारेने थेट ओएनटीला जोडून आणि इतर यंत्रे बंद ठेवून घेतल्या आहेत, रात्री ८ ते ११ या वेळेत वेग ६० एमबीपीएसच्या वर गेलेला नाही. ओएनटीवरील प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम असल्याने घरापर्यंतच्या काचतंतूत दोष दिसत नाही. कृपया परिसरातील क्षमता तपासून वेग योजनेप्रमाणे करावा, कमी सेवेच्या काळाचे भाडे पुढील बिलात समायोजित करावे आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी.’

हे दोन्ही टप्पे संपल्यावर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे तक्रार देता येते, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. ही हेल्पलाइन आदेश देत नाही, तडजोडीसाठी पुरवठादाराकडे पाठपुरावा करते. असे असले तरी अनेक तक्रारी या टप्प्यावर मिटतात, म्हणून तिला कमी लेखू नये.

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत दूरसंचार स्पष्टपणे आहे, आणि दूरसंचाराची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते का, हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाली काढला आहे. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करता येते; पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याबाहेर असली, तरी स्वयंरोजगाराने उदरनिर्वाहासाठी घेतलेली जोडणी त्यातून वगळलेली नाही, हे घरून शिकवण्या किंवा लेखाकाम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मसुदा करण्यात अडचण असल्यास ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडून मार्गदर्शन घ्यावे. महिना ७०० रुपयांच्या सेवेसाठी आयोगात जाणे अनेकांना अवाजवी वाटते. परंतु संपूर्ण इमारत एकाच पुरवठादारावर अवलंबून असेल, तेव्हा एकाने लढवलेली तक्रार सर्वांच्या उपयोगी पडते आणि म्हणून ती करावीच.

जोडणी बदलण्याचे ठरवल्यास

मोबाइल क्रमांक कायम ठेवून पुरवठादार बदलता येतो, तशी सोय घरगुती ब्रॉडबँडला नाही. जुनी जोडणी बंद करून नवी घ्यावी लागते. त्यामुळे नवी जोडणी सुरू होऊन रात्रीच्या वेळी तारेने मोजून झाल्याशिवाय जुनी बंद करू नये. त्याच इमारतीतील, शक्यतो त्याच मजल्यावरील ग्राहकांना त्या पुरवठादाराचा रात्रीचा वेग विचारावा. दुसऱ्या वस्तीतील अनुभव येथे लागू पडत नाही. सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास मिळणारी सवलत आकर्षक असते, पण पहिल्या खेपेस एकाच महिन्याची योजना घ्यावी, कारण आगाऊ भरलेली रक्कम परत मिळवणे हे वेग मिळवण्याहूनही कठीण जाते. जाहिरातीतील किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, हेही हिशेबात धरावे.

काही गृहनिर्माण संस्थांत एकाच पुरवठादाराला प्रवेश असतो. अशा ठिकाणी सभासदांनी हा विषय लेखी अर्ज देऊन सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि किमान दुसऱ्या एका पुरवठादाराला केबल टाकण्याची परवानगी देण्याचा ठराव मांडावा. दुसरा पुरवठादार इमारतीत येताच पहिल्याच्या सेवेतही अनेकदा सुधारणा होते.

जुनी जोडणी बंद करताना विनंती लेखी करावी, त्या तारखेनंतरचे बिल येणार नाही याची पुष्टी मागावी, अनामत रकमेचा परतावा कोणत्या खात्यात आणि कधी होईल हे विचारावे, आणि राउटर व ओएनटी परत दिल्यावर त्यांचे अनुक्रमांक लिहिलेली सहीची पावती घ्यावी. परत केलेल्याच उपकरणाची किंमत पुढे बिलात लावली गेल्यास ही पावती हाच ग्राहकाचा पुरावा असतो.